नेपाळी गड्याचं नाव कुठल्या वहीत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावच्या ग्रामसभेत गेल्या महिन्यात एक ठराव आला. आंब्याच्या बागांत आणि बंदरावर परदेशी माणसं कामाला ठेवू नयेत, आधी गावच्या मुलांना काम द्यावं, असा. हात वर करायची वेळ आली तेव्हा मी खाली बघत बसलो. माझ्या बागेत सहा नेपाळी आहेत. ठराव मांडणाऱ्या तिघांत माझ्या चुलत भावाचा मुलगा होता. आणि मी स्वतः मधली दोनेक वर्षं सोडून १९८४ ते २०१६ अशी तीस वर्षं कुवेतमध्ये परदेशी माणूस म्हणून काढली आहेत. ठराव पुढच्या सभेवर गेला. तोपर्यंत हे पत्र छापलंत तर बरं होईल.

आंबा झाडाला आपोआप लागतो आणि वाशीच्या घाऊक बाजारात आपोआप पोचतो, असं वाटणाऱ्या वाचकांसाठी आधी थोडं कामाबद्दल. पाऊस ओसरला की बागेची बेणणी, म्हणजे गवत-झुडपं कापून साफसफाई. थंडी पडली की मोहोर, आणि मोहोर आला की तुडतुडे, फुलकिडे आणि फवारण्या. फळ सुपारीएवढं झालं की वानर. मार्चपासून पहाटे उठून झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, काढणी, देठ सांभाळून. दुपारी निवड, संध्याकाळी पेट्या भरणं, रात्री राखण. हे सगळं गावापासून दोन किलोमीटर लांब कातळावर, मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, राहून, सात-आठ महिने. रोज सकाळी नऊला येऊन पाचला घरी जाणाऱ्या माणसाचं हे काम नव्हे.

१९९० साली रोजगार हमीतून फळबाग योजना आली. कातळ फोडून, खड्ड्यात माती भरून लोकांनी कलमं लावली. माझ्या वडिलांनीही लावली. त्याच वर्षांत घरं मात्र रिकामी होत होती. आधीची पिढी मुंबईच्या गिरण्यांत गेली होती, आमची आखातात गेली. कलमं फळं धरू लागली तेव्हा ती राखायला गावात कोण होतं? नेपाळ्यांनी आमच्या मुलांची जागा घेतली असं सभेत कुणी म्हणालं, तेव्हा मला सांगावंसं वाटलं की ती जागा मी रिकामी केली होती. बोललो नाही. कारण ही अर्धीच गोष्ट आहे, आणि उरलेली अर्धी माझ्या सोयीची नाही.

ती अशी. चुलत भावाचा हा मुलगा आयटीआय झालेला. करोनात नोकरी गेली तसा घरी आला. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे येऊन म्हणाला, "काका, बागेत काम करतो. राहतो पण मांगरात." त्याच्या अटी होत्या. महिना सतरा हजार, आठवड्याला एक सुट्टी, फवारणीला मास्क आणि हातमोजे, आणि पडलो-झडलो तर दवाखान्याचा खर्च तुमचा, हे कागदावर. नेपाळी गड्यांना मी तेव्हा बारा हजार आणि तांदूळ-डाळ देत होतो. सुट्टीचा विषय त्यांनी कधी काढला नव्हता, मीही काढला नव्हता. पुतण्याला म्हटलं, "बघू." आमच्याकडे "बघू" म्हणजे नाही, हे त्याला कळलं.

नंतर चार बागायतदार जमले की मीही म्हणायचो, गावच्या पोरांना काम नको, मोबाईल हवा. अशी पोरं आहेत, नाही असं नाही. पण हा त्यातला नव्हता. त्याने मागितलं ते मी स्वतः कुवेतला मागितलेलं होतं.

तिकडचं थोडं सांगतो. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असायचा. आकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, कफिलाच्या, म्हणजे ज्याच्या नावावर आम्ही तिथे असायचो त्या मालकाच्या, मर्जीवर. तो कागद म्हणजे गळ्यातली दोरीच होती, पण कागद होता. पगाराचा आकडा करारात होता. एका वर्षी तीन महिने पगार थकला तेव्हा तोच करार घेऊन आम्ही अकराजण कामगार खात्यात गेलो आणि पैसे सोडवून आणले. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा शिरल्या आणि कागदाची किंमत एका दिवसात शून्य झाली, ती गोष्ट वेगळी. बसराहून बगदाद, तिथून अम्मान, आणि अम्मानहून एअर इंडियाचं विमान. लाखावर भारतीय तसेच परत आले. मी १९९२ मध्ये पुन्हा गेलो, कारण गावात काय होतं?

कुवेतच्या लोकांचीही आमच्याबद्दल तक्रार होतीच. त्यांच्याच देशात ते शंभरात तीस. २०२० मध्ये तिथल्या संसदेच्या समितीपुढे परदेशी लोकांवर कोटा लावणारं विधेयक आलं, त्यात भारतीयांची संख्या लोकसंख्येच्या पंधरा टक्क्यांवर जाऊ नये असं होतं. इथे घरोघरी घबराट. मला त्यांचा राग आला नाही. आपल्याच गावात आपण पाहुणे झालो असं वाटणं काय असतं, ते कोकणातल्या माणसाला कुणी समजवायला नको. पण मी तिथे एक पाहत आलो होतो. सरकारी नोकऱ्यांत कुवेती भरायचं ठरलं की भरले जात, कारण तिथला पगार त्यांना परवडणारा होता. दुकानात, गॅरेजमध्ये, बांधकामावर घोषणा कितीही झाल्या तरी आम्हीच. तिथे मालकाला स्वस्त आणि बांधलेला माणूस मिळत होता. तो सोडून महाग आणि मोकळा माणूस कोण घेईल? पुतण्याला "बघू" म्हणताना मी नेमका तो मालक झालो होतो.

आता ठरावाबद्दल. भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० चा करार आहे. त्याच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या माणसांना एकमेकांकडे राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापार करण्याची, फिरण्याची मुभा आहे. व्हिसा नाही, कामाचा परवाना नाही. ग्रामसभेच्या ठरावाने तो करार मोडत नाही. माझे गडी बर्दिया जिल्ह्यातले. नेपाळगंजहून रुपैडिहाची सीमा चालत ओलांडतात, लखनौ गाठतात, मग मुंबई, मग कोकण रेल्वे. वाटेत त्यांना कामगार म्हणून कुणी विचारत नाही.

इथे पोचल्यावरही विचारत नाही, हीच माझी तक्रार आहे. आम्ही त्यांचे फोटो आणि ओळखपत्रांच्या झेरॉक्स पोलीस ठाण्यात देतो. ती नोंद उद्या चोरी झाली तर कुणाला शोधायचं यासाठी असते. त्याला पगार किती, सुट्टी किती, झाडावरून पडला तर बघणार कोण, असे रकाने त्यात नाहीत. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये कायदा झाला तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी. नेपाळ हे राज्य नाही. ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीत नाव घालायला आधार लागतं. तिकडे नेपाळ सरकार कुवेत-कतारला जाणाऱ्याला श्रमस्वीकृती, म्हणजे परदेशी कामाला जायचा परवाना, देतं, त्याचा विमा उतरवायला लावतं. भारतात येणाऱ्याला काही लागत नाही, म्हणून काही मिळतही नाही. माझ्या एका गड्याचा धाकटा भाऊ कतारला आहे. त्याच्याकडे करार आहे, विमा आहे. थोरला माझ्याकडे, आणि त्याच्याकडे माझा शब्द.

माझ्या शब्दाची किंमत सांगतो. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये त्यांच्यातला एकजण काढणी करताना पडला. मांडीचं हाड मोडलं. खासगी दवाखान्यात आधी अनामत भरा म्हणाले. एकूण नव्वद हजार झाले, ते मी भरले. गावात माझं कौतुक झालं. कुणाला माहीत नाही ते असं, की त्यातले चाळीस हजार मी त्याच्या नि त्याच्या भावकीतल्या दोघांच्या पगारातून कापले. ते काही बोलले नाहीत. पुतण्या पडला असता तर त्याचा बाप, सरपंच आणि अर्धी वाडी माझ्या पडवीत बसली असती, आणि एक रुपया कापायची माझी छाती झाली नसती. या गड्यासाठी कुणी आलं नाही. नेपाळी स्वस्त पडतो तो असा.

(त्यांच्या पैशाचीही एक तऱ्हा आहे. २०१८ च्या अखेरीला नेपाळने शंभराहून मोठ्या भारतीय नोटा बंद केल्या. त्या मोसमात त्यांच्या हिशेबासाठी शंभराच्या गड्ड्या गोळा करत मी रत्नागिरीतल्या तीन बँका फिरलो. कॅशियर माझ्याकडे संशयाने बघत होता. नोटाबंदीत त्यांच्यातल्या एकाच्या आईकडे पाचशेच्या जुन्या नोटा अडकल्या, त्या अजून ट्रंकेत आहेत म्हणतो.)

माझं म्हणणं एवढंच आहे. माणूस बर्दियाचा की वाडीतला, हे ग्रामसभेने विचारू नये. त्याचा दर काय, हे विचारावं. किमान वेतन देताना माणूस कुठल्या देशाचा ते बघायचं नसतं. कामगार कार्यालयाने मोसमाच्या सुरुवातीला बागांतल्या आणि बोटींवरच्या प्रत्येक परदेशी कामगाराचं नाव कामगार म्हणून लिहावं. पगार, सुट्टी, अपघात विमा हे रकाने भरून घ्यावेत, आणि विम्याचा हप्ता मालकाने भरावा. एकाच कामाला एकच दर. मग ज्याला जो माणूस हवा तो त्याने घ्यावा.

बागायतदार बंधू म्हणतील, तुमच्याकडे कुवेतचा पैसा आहे. खरं आहे. पन्नास कलमांवर घर चालवणाऱ्याचं गणित निराळं. २०२१ च्या तौक्ते वादळात एका दिवसात झाडाखाली आंब्याचा खच पडला होता, ते मीही विसरलेलो नाही. माझ्यापुरता हिशेब केला. सहा माणसं, पाच हजार वाढीव, आठ महिने : दोन लाख चाळीस हजार. बाराशे पेट्या धरल्या तर पेटीमागे दोनशे रुपये. मार्चच्या पहिल्या पेट्यांना ते जाणवत नाहीत. मे महिन्यात माल कॅनिंगला किलोने जातो तेव्हा मात्र कंबरडं मोडतं. छोट्या बागायतदाराचा विम्याचा हप्ता सरकारने उचलला तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. पण गड्याला अर्ध्या पैशात राबवून आंबा परवडवायचा, हे यापुढे मला सांगू नका.

या मोसमात पुतण्या माझ्याकडे आहे, त्याच्याच अटींवर. फवारणी आणि गाडी तो बघतो. नेपाळी गड्यांनाही सतरा केले, आळीपाळीने सुट्टी लावली. कापलेले चाळीस हजार दिवाळीत परत दिले. मला वाटलं, खूश होतील. त्यांच्यातला वयस्कर आहे तो रात्री मांगराच्या दारात बसून विडी ओढत म्हणाला, "सेठ, बराबर पैसा दोगे तो अगले साल गाँव का लड़का ही रखोगे ना?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं तर त्याचं बरोबर असू शकतं. सहापैकी दोन जागा पुढल्या वर्षी गावच्या मुलांना मिळतील, कदाचित तीन. राखणीला आणि रात्रीच्या कामाला गावातून अजूनही कुणी तयार नाही. त्याला मी खोटा धीर दिला नाही. एवढंच म्हटलं, की ज्याला ठेवीन त्याला सतराच देईन.

हजेरीपट मी लिहून ठेवतो आहे. कामगार किंवा कृषी कार्यालयातल्या कुणाला, किंवा ठराव मांडणाऱ्या मुलांना, तो बघायचा असेल तर मे अखेरच्या आत बागेत यावं. जूनला मांगराला कुलूप लागतं.

कळावे,
एक आंबा बागायतदार, ता. रत्नागिरी
(नाव छापू नये ही विनंती. पगाराचा आकडा वाचून शेजारचे बागायतदार तसेही ओळखतीलच.)