त्या ३५ चौकटींसाठी, सिस्टर

प्रिय सिस्टर,

हे पत्र मी दिवस गेल्यावर लिहिणार होते. टेस्टवर दोन रेघा येतील, मग तुमच्या टेबलापाशी येईन आणि तुम्हाला सांगेन, असं सगळं मनात ठरलेलं होतं. पण परवा वाटलं, तुमचे आभार काय त्या दोन रेघांचे आहेत का? तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते केव्हाच करून झालंय. गर्भनिरोधक गोळ्या बंद करून अकरा महिने झाले, सांगण्यासारखी बातमी अजून नाही, तरीही हे पत्र आजच लिहितेय. उघडच लिहितेय, कारण तुम्ही मला जे सांगितलंत ते जिला गरज आहे अशा आणखी कुणाच्या तरी हाती पडावं असं मला मनापासून वाटतं.

तुम्हाला मी आठवत असेन का, माहीत नाही. तुमच्यासमोरून रोज कितीतरी जणी जातात. बीपी घेताना तुम्ही मला विचारलं होतंत, "एवढं का धडधडतंय गं?" आणि मी रडायला लागले होते, ती मी.

त्याआधीचे पाच महिने कसे गेले ते तेव्हा नीट सांगता आलं नाही. सात वर्षं मी गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या. पाकीट संपलं की दोन-तीन दिवसांत रक्तस्राव, मग नवं पाकीट, घड्याळासारखं. आम्ही ठरवलं, आता चान्स घ्यायचा. गोळ्या थांबवल्या, नेहमीसारखा रक्तस्राव झाला, आणि नंतर काहीच नाही. तीस दिवस गेले, चाळीस गेले. मी तीन वेळा टेस्ट केली, तिन्ही वेळा एकच रेघ. ४७व्या दिवशी पाळी आली आणि मी बाथरूममध्ये बसून राहिले. पुढच्या पाळ्याही उशिरा, ३६ दिवसांनी, मग ३४, मग ३५. मला वाटलं, माझ्या आत काहीतरी मोडलंय आणि ते मीच माझ्या हातांनी मोडलंय. घरातल्याच एका मोठ्या बाईंनी तेही बोलून दाखवलं होतं. "इतकी वर्षं गोळ्या खाल्ल्यावर दुसरं काय होणार?" त्या वाक्यानं माझी झोप गेली होती.

डॉक्टरांनी रक्ततपासण्या लिहून दिल्या, थायरॉइडची आणि प्रोलॅक्टिन नावाच्या हार्मोनची. "वर्षभर वाट बघा," म्हणाले. त्यांचं चुकलं नव्हतं, हे आज मला कळतं. पण बाहेर येताना माझ्या हातात फक्त एक कागद होता आणि पुढचे सात महिने काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

तुम्ही मला बसवलंत. पाणी दिलंत. "होईल गं, टेन्शन घेऊ नकोस" हे तुम्ही म्हणाला नाहीत, यासाठीही मला तुमचे आभार मानायचे आहेत. ते वाक्य मी तोवर इतक्यांदा ऐकलं होतं की ते ऐकलं की पोटात गोळा यायचा. तुम्ही विचारलंत, "पाळीच्या तारखा लिहितेस का?" मी मोबाइल पुढे केला. "आणि जवळ कधी येता?" मी सांगितलं, बाराव्या दिवसापासून सोळाव्या दिवसापर्यंत, कारण बीज चौदाव्या दिवशी बाहेर पडतं.

तुम्ही केसपेपर उलटा केलात आणि मागे पेनानं ३५ चौकटी काढल्यात.

"चौदा दिवस पुढून नाही मोजायचे, मागून मोजायचे," तुम्ही म्हणालात. बीज बाहेर पडल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ बहुतेकींचा साधारण १२ ते १४ दिवसांचा असतो. लांबतो किंवा आखडतो तो आधीचा भाग. माझी पाळी ३५ दिवसांची, म्हणजे बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास. एकविसाव्या चौकटीवर तुम्ही गोल केलात आणि तिच्या मागच्या पाच चौकटी रेघा मारून भरल्यात. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, बीज मात्र जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, म्हणून संधी बीजाच्या दिवसाची आणि त्याआधीच्या पाच दिवसांची. त्यानंतर नाही. मी त्या कागदाकडे बघत राहिले. माझा सोळावा दिवस तुमच्या रेघांच्या काठावर कसाबसा येत होता. पाच महिने आम्ही दार उघडायच्या आधीच दार ठोठावून परत जात होतो.

"पण माझी पाळी तर २८ दिवसांची होती," मी म्हटलं.

"अगं, ते २८ दिवस पाकिटाचे होते. तुझे नव्हते."

सिस्टर, हे एक वाक्य मला सात वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. गोळ्या चालू असताना दर महिन्याला जे येतं ती खरी पाळी नसतेच. गोळीतली हार्मोन्स मेंदूकडून बीजकोशाला जाणारा निरोप थांबवतात, त्यामुळे बीज तयार होऊन बाहेर पडत नाही. पाकिटाच्या शेवटी हार्मोन्स थांबतात, म्हणून गर्भाशयाचं अस्तर गळतं, एवढंच. गोळ्या सोडल्यावर ती हार्मोन्स काही दिवसांत शरीरातून जातात आणि मेंदूला तो निरोप पुन्हा धाडायला सुरुवात करावी लागते. कुणाचा मेंदू दोन आठवड्यांत सुरुवात करतो, कुणाला दोन-तीन महिने लागतात. तीन महिने होऊनही पाळी आली नाही तर दाखवायला यायचं, आणि त्याआधी टेस्ट करायची, कारण पहिली पाळी यायच्या आधीही बीज बाहेर पडू शकतं आणि दिवस राहू शकतात. माझे ४७ दिवस या हिशेबात सहज बसत होते. काही मोडलं नव्हतं.

मग मी तो प्रश्न विचारला, मान खाली घालून. सात वर्षं घेतल्यानं माझं काही गेलं का? तुम्ही पेन खाली ठेवलंत. "गोळीनं काही नेलं नाही. सात महिने घेतली काय आणि सात वर्षं घेतली काय, वर्षभरात दिवस राहण्याच्या शक्यतेत त्यानं फरक पडत नाही. पण गोळीनं वयही थांबवलं नाही. बीजं शिल्लक पडत नाहीत, ती आपली कमी होतच असतात. तू आज ३१ची आहेस, तर ३१चाच हिशेब करायचा." तुम्ही मला बरं वाटावं म्हणून अर्धवट काही सांगितलं नाहीत, म्हणून उरलेल्या सगळ्यावर माझा विश्वास बसला. अगदी सगळं नीट असलेल्या जोडप्यालाही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता साधारण चार-पाचांत एक एवढीच असते, हेही तेव्हाच कळलं. तोवर दर महिन्याला आलेली पाळी मला माझा निकाल वाटायची. वर्षभरात १०० पैकी ८०हून जास्त जोडप्यांना यश येतं, म्हणून डॉक्टर वर्ष थांबायला सांगतात. वय ३५च्या पुढे असेल तर सहाच महिने. हे कारण कळल्यावर ते "थांबा" मला वेगळंच ऐकू आलं.

उठताना तुम्ही विचारलंत, फॉलिक अ‍ॅसिड सुरू आहे ना? नव्हतं. रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहायच्या निदान महिनाभर आधीपासून. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून घडतात ती गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांतच मिटते, म्हणजे पुष्कळदा आईला नीट कळायच्या आत. पाच महिने मी बाळाची वाट बघत होते आणि ही एवढीशी गोळी मला कुणी सांगितली नव्हती.

आणि हे सगळं सांगून झाल्यावर तुम्ही बाहेर बाकावर बसलेल्या माझ्या नवऱ्याला आत बोलावलंत. त्याआधी कुठल्याही खोलीत त्याला कुणी आत बोलावलं नव्हतं. "तुमची तपासणी झाली का?" तुम्ही इतक्या सहज विचारलंत की त्याला लाजायला वेळच मिळाला नाही. वीर्यतपासणी सोपी आहे, दुखत नाही, आणि मूल न होण्याच्या कारणांत पुरुषाचा वाटा खूपदा असतो, मग सगळ्या सुया हिलाच का टोचायच्या, असं तुम्ही म्हणालात. तो घरी येताना बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी उद्याच जातो." त्याच्या रिपोर्टमध्ये शुक्राणूंची गती कमी निघाली. तुम्हीच सांगितलंत की शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून आजच्या बदलाचा परिणाम तीन महिन्यांनी दिसेल आणि एका रिपोर्टवर काही ठरवायचं नाही. त्यानं त्याच आठवड्यात सिगारेट सोडली. मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायची सवयही सोडली. आमच्या घरात "तुझं काय चुकलं" हा प्रश्न त्या दिवसापासून कुणी विचारलेला नाही, आणि विचारला तर तो उत्तर देतो, मला द्यावं लागत नाही.

त्या फोनबद्दलही लिहायलाच हवं. साडेआठ महिने झाले होते. टेस्टवर दुसरी रेघ आली, इतकी फिकट की आम्ही दोघं ती खिडकीपाशी नेऊन बघत होतो. पाचव्या दिवशी रक्तस्राव सुरू झाला. मी तुम्हाला फोन केला तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आधी तुम्ही कामाचं विचारलंत, एका बाजूला खूप दुखतंय का, चक्कर येतेय का, खांदा दुखतोय का, यातलं काही असेल तर आत्ता निघ म्हणालात. नव्हतं. मग म्हणालात, "रेघ खरी होती. तुला भास नव्हता झाला." इतकं लवकर थांबणारं बहुतेकदा गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे थांबतं, आई उचलते-धरते त्यामुळे नाही, आधी घेतलेल्या गोळ्यांमुळे तर नाहीच, हे तुम्ही सावकाश सांगितलंत. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः फोन करून विचारलंत, जेवलीस का?

घरच्यांना आम्ही त्या पाच दिवसांबद्दल काही सांगितलेलं नाही. तुम्हाला माहीत आहे, म्हणून ते पाच दिवस होते असं मला म्हणता येतं.

एकदा तुमच्या टेबलापाशी एक मुलगी घाबरून बसली होती, तिनं गोळ्या नाही, तीन महिन्यांची इंजेक्शनं घेतली होती आणि ती बंद करून सहा महिने झाले तरी काही नाही म्हणून. तुम्ही तिला सांगत होतात की इंजेक्शनाचं गणित वेगळं असतं, शेवटच्या इंजेक्शनानंतर दिवस राहायला नऊ-दहा महिने लागणं नेहमीचं आहे, काहींना त्याहून जास्तही लागतात, आणि तांबी काढली की मात्र लगेच राहू शकतात. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. मला माझा पहिला दिवस आठवला. ज्या दिवशी हे इंजेक्शन देतात त्याच दिवशी हे का सांगत नाहीत? गोळीचं पहिलं पाकीट हातात ठेवताना "हे २८ दिवस पाकिटाचे आहेत" एवढं कुणी म्हणालं असतं तर माझे पाच महिने वाचले असते. याचा मला राग आहे, सिस्टर, आणि तो जावा असंही मला वाटत नाही.

तो केसपेपर मी अजून जपून ठेवलाय. चौकटी पुसट झाल्यात, म्हणून दर महिन्याला मी वहीत नव्या काढते. आता अंड्याच्या पांढऱ्यासारखा, ताणला जाणारा स्राव दिसला की मला कळतं, बीजाचे दिवस आले, चौकटी मोजायच्या आधीच. माझं शरीर मला वाचता येतं, हे एकतिसाव्या वर्षी तुम्ही शिकवलंत.

मंगळवारी आम्ही दोघं येतोय. त्याचा दुसरा रिपोर्ट आदल्या दिवशी मिळेल, तो घेऊन पुढचं विचारायचंय, माझ्या बीजनळ्यांची तपासणी आता करायची की अजून थांबायचं. यावेळी प्रश्न आम्ही लिहून आणतोय. पहिल्या पानावरचे त्याचे आहेत.

बीपी तुम्हीच घ्या.

तुमची,
३५ दिवसांची