तळमजल्यावरच्या संडासाचं कुलूप

दि. १६ जुलै

प्रति,
मा. अध्यक्ष व कमिटी सदस्य,
आपली सोसायटी, सांगली.

विषय : तळमजल्यावरच्या कॉमन टॉयलेटचं कुलूप काढण्याबाबत.

महोदय, स. न. वि. वि.

सोमवारी सकाळी दूध आणायला खाली उतरले तर जिन्याशेजारच्या संडासाला कुलूप. वर लॅमिनेट केलेली नोटीस : ‘इन्फेक्शनचा धोका. सदर टॉयलेटचा वापर कामवाल्या बायका, वॉचमन, ड्रायव्हर व बाहेरील व्यक्तींनी करू नये. किल्ली सेक्रेटरींकडे मिळेल.’ धोका कोणाकडून कोणाला, हे त्यात लिहिलेलं नाही. पण कळायचं ते सगळ्यांना कळलं. माझ्या मागे भांड्याच्या मावशी उभ्या होत्या. त्यांना वाचता येतं.

मी मिरजेत एकतीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली. लोकांची शी-शू तपासण्यातच सगळी नोकरी सरली म्हणा ना. त्यामुळे या विषयाची मला किळसही वाटत नाही आणि लाजही. तुम्ही नोटिशीत ‘इन्फेक्शन’ हा शब्द घातला नसता तर कदाचित मी गप्प बसले असते. पण तो शब्द माझ्या रोजच्या कामातला, म्हणून हे लांबलचक पत्र.

नोटिशीमागचं निमित्त ग्रुपवर सगळ्यांनी वाचलं आहे. ए विंगमधल्या एका सुनेला लघवीचं इन्फेक्शन झालं आणि दोन तासांत निष्कर्ष निघाला, की हे खालच्या टॉयलेटमुळे. तिचा त्रास खरा आहे. थेंबाथेंबाला आग होते, थंडी वाजून ताप भरतो. ज्याला झालं त्यालाच कळतं. पण ग्रुपवर जे ‘सीटवरून लागलं’ म्हणून फिरत होतं, त्याचं काय करायचं? आपल्या खालच्या संडासाला सीटच नाही. देशी भांडं आहे, उकिडवं बसायचं. अंगाचा भांड्याला स्पर्शच होत नाही.

आणि समजा सीट असती, तरीही. मांडीची कातडी धडधाकट असेल तर ती चांगली भिंत असते. लघवीच्या कल्चरमध्ये मी आयुष्यभर सगळ्यात जास्त वेळा पाहिला तो ई. कोलाय. हा कोणा परक्याकडून यावा लागत नाही, आपल्याच आतड्यात मुक्कामाला असतो. बाईच्या शरीरात शौचाची जागा आणि लघवीची वाट शेजारीशेजारी, आणि ती वाट जेमतेम चार सेंटिमीटरची. पुरुषाची वीसच्या आसपास. म्हणून हा त्रास बायकांनाच जास्त. ग्रुपवर ज्यांनी आडून आडून ‘भलतेसलते रोग’ लिहिलं त्यांच्यासाठीही सांगते, गरमी-परमा (सिफिलिस-गनोरिया) संडासातून लागत नाही. ते जंतू शरीराबाहेर फार वेळ टिकत नाहीत. घरात सून-मुलगी असलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं, कारण असल्या कुजबुजीनं संसार मोडलेले मी पाहिले आहेत.

लघवीच्या इन्फेक्शनवर डॉक्टर काय सांगतात? पाणी भरपूर प्या, धुताना पुढून मागे धुवा, आणि लागली की लगेच जा, तुंबवून धरू नका. यातली तिसरी गोष्ट आपण सोमवारी कुलूपबंद केली.

मावशींना मी विचारलं, आता जाता कुठं? त्या म्हणाल्या, “जातोय कुठं ताई? सकाळपासनं पाणीच पीत न्हाई मी. प्यालं की जायाला लागतंय.” सकाळी सातला पहिलं घर, दुपारी दोनला सातवं. आपल्या इमारतीत अशा नऊ बायका येतात. ‘एखाद्या घरात विचारायचं की’ असं म्हणणाऱ्यांनी आपण स्वतः कधी कुणाला बाथरूममध्ये जाऊ दिलं आहे का, ते आठवून बघावं. मी देते म्हणून फुशारकी मारत नाही. मलाही ते सुचायला पाच-सहा वर्षं लागली.

आता खरा धोका कुठं असतो, ते सांगते. ट्रेनिंगला असताना आमच्या सरांनी आम्हा सहा जणांना लॅबच्याच संडासात स्वॅब घ्यायला पाठवलं. सीट, कडी, नळाची तोटी, मगाचा कान, फ्लशचं हँडल. मॅकॉन्की अगारच्या, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या, प्लेटांवर ते स्वॅब फिरवले आणि रात्रभर ३७ अंशांवर ठेवले. सकाळी उघडून बघतो तर सीटच्या प्लेटवर तुरळक काहीतरी. तोटीच्या आणि मगाच्या प्लेटवर मात्र गुलाबी ठिपकेच ठिपके, पावसाळ्यात भिंतीवर बुरशी यावी तसे. गुलाबी म्हणजे बहुतेक पोटातले जंतू. आमच्या सहांपैकी कोणाचा हात, हे सरांनी विचारलं नाही. आम्हीही नाही.

त्यामागचं कारण साधं आहे. धुऊन झालं की डावा हात ओला असतो, आणि त्याच हातानं आपण नळ बंद करतो. साबण लावून मग पुन्हा त्याच तोटीला हात लावतो. मग कडी. आपल्याकडच्या पाण्याच्या सवयीत हे होणारच. कागद वापरणाऱ्यांचं निराळ्या वाटेनं होतं, पण होतंच. विषमज्वर, रक्ताची आव, पोरांचे रोटाव्हायरसचे जुलाब, ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ, या सगळ्यांची वाट शौचातून निघून हातावरून, माशीवरून किंवा पाण्यातून तोंडात जाते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली होती, आठवत असेल. ती ‘ई’ काविळीची, पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून आलेली. गरोदर बाईला ही कावीळ जिवावर बेतते.

म्हणजे आपल्या खालच्या संडासात जे असायला हवं होतं आणि जे गेल्या चार वर्षांत मी एकदाही पाहिलेलं नाही, ते म्हणजे साबण. कोविडमधली सॅनिटायझरची बाटली अजून खिडकीत आहे, तिच्या तळाशी निळं काहीतरी वाळून बसलंय. ती असून नसून सारखी. उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस अल्कोहोलला फारसा दाद देत नाही आणि मळक्या हातावर सॅनिटायझर नीट चालत नाही. नोरोव्हायरससाठी साबण, पाणी आणि वीस सेकंद चोळणं हेच लागतं. आता हिशेब असा करा. ज्या हातांना आपण संडास आणि साबण दोन्ही नाकारतो, तेच हात अर्ध्या तासानं आपल्याच ओट्यावर आपलीच कणीक मळतात. (हात सगळ्यांचेच तसे असतात. आपल्या क्लबहाउसमधल्या वाढदिवसाला आलेले पाहुणेही याच संडासात जाऊन, पँटला हात पुसून, समोसे उचलताना मी पाहिले आहेत.)

दुसरी गोष्ट अध्यक्षसाहेब, तुम्ही सिव्हिल इंजिनिअर आहात म्हणून तुम्हाला लगेच पटेल. नहाणी ट्रॅप. जमिनीतल्या जाळीखाली वाकडा पाइप असतो आणि त्या वाकात दोन इंचांच्या आसपास पाणी साठून राहतं. खालच्या ड्रेनेजची हवा आणि आपलं घर यांच्यामध्ये तेवढंच पाणी असतं. मार्च २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या गृहसंकुलात सार्सचा (कोविडच्याच जातकुळीतला फुप्फुसाचा आजार) एक रुग्ण येऊन राहिला. त्याला जुलाब होत होते. पुढे त्या संकुलातल्या तीनशेहून जास्त रहिवाशांना सार्स झाला, आणि तोही एकाच ब्लॉकमध्ये जास्त. तपासात निघालं ते असं, की तिथले लोक बाथरूमची फरशी पाण्यानं धुण्याऐवजी पुसून घ्यायचे. त्यामुळे जमिनीतले ट्रॅप कोरडे पडले होते. एक्झॉस्ट फॅन लावला की मैलापाण्याच्या पाइपातली हवा, तिच्यातल्या तुषारांसकट, त्या कोरड्या ट्रॅपमधून बाथरूममध्ये ओढली जायची आणि फॅनमधून डक्टमध्ये. तिथून वरच्या-खालच्या मजल्यांवर.

आपल्याकडे सार्स नाही. पण सी विंगमधले चार फ्लॅट वर्षातले दहा महिने बंद असतात, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात. तिथले ट्रॅप सुकलेले असणार. उन्हाळ्यात डक्टला येणारा वास आणि जिन्यात फिरणारी झुरळं याच वाटेनं येतात. दर पंधरा दिवसांनी त्या फ्लॅटांच्या प्रत्येक नहाणीत आणि कमोडमध्ये एकेक बादली पाणी ओतायला हवं. मालकांना फोन करून किल्ल्या मागून घ्या. आणि ज्या संडासाला आपण कुलूप घातलं, तो असाच बंद राहिला तर तिथला गळका नळ थांबल्यावर त्याचाही ट्रॅप सुकेल की. पावसाळा आहे म्हणून थोडा उशीर लागेल, एवढंच. त्याला लागून वॉचमनकाकांची खोली आहे आणि खोलीची खिडकी तिकडेच उघडते.

ए विंगमधून अशीही मागणी आलीय, की सगळ्या कमोडांना झाकणं सक्तीची करा. फ्लशचे तुषार उडतात हे खरं. अमेरिकेत कोलोराडो विद्यापीठातल्या मंडळींनी २०२२ मध्ये हिरव्या लेझरच्या उजेडात ते दाखवलं. आठ सेकंदांत दीड मीटर उंचीपर्यंत गेले होते. पण २०२४ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात विषाणूंच्या बाबतीत झाकण लावलं काय नि न लावलं काय, आसपासच्या दूषितपणात फारसा फरक दिसला नाही. फरक पडला तो भांडं जंतुनाशकानं घासल्यावर. तेव्हा ठराव झाकणाचा नको. ज्यांच्या घरी संडास-बाथरूम एकत्र आहे त्यांनी दात घासायचे ब्रश तेवढे बाहेर आणावेत.

आता सफाई. आपला सफाईवाला पोरगा कामचुकार नाही, पण त्याला कोणी शिकवलेलंच नाही. गेल्या महिन्यात तो आत गेला आणि खोकत, डोळे चोळत बाहेर आला. भांड्यात ॲसिड ओतलं होतं, वरून ब्लीचिंग पावडर टाकली होती. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत हे जिवावर बेतू शकतं. त्या पोराला काही झालं असतं तर आपण काय नोटीस लावली असती?

ॲसिडनं पिवळे डाग जातात, म्हणून महिन्यातून एकदा वापरायला हरकत नाही, पण तेही वेगळ्या दिवशी आणि भरपूर पाणी ओतून. रोजचं काम साध्या धुण्याच्या पावडरीचं. आधी ब्रशनं घासून मळ काढायचा, कारण क्लोरीनची निम्मी ताकद मळातच खर्च होते. मग ब्लीचिंगचं पाणी मारून दहा मिनिटं तसंच ठेवायचं. भांड्यापेक्षा कडी, तोटी, मग यांना ते जास्त गरजेचं आहे, आणि नेमकं त्यांना कोणी हात लावत नाही. फिनेलचा वास आला की झालं स्वच्छ, हा आपल्या सगळ्यांचा समज. फरशीवर भसाभस ओतलेलं फिनेल तोटीपर्यंत पोचत नाही.

आणि ते फडकं! संडासातली फरशी ज्या फडक्यानं पुसतो, तेच पिळून तो लिफ्टमध्ये नेतो आणि बटणं पुसतो. मी स्वतः बघितलंय, तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार धरून उभी होते तेव्हा. दोन रंगांची दोन फडकी आणून द्या, लाल संडासाचं, बाकी कुठलंही दुसरं. नळही गळतोय. वायसर बदलायचा दहा मिनिटांचा प्रश्न आहे, पण मार्चपासून फरशी चोवीस तास ओली असते आणि ओलीत जंतू कोरड्यापेक्षा जास्त दिवस जगतात. आतून कडी लागत नाही, बायका एकमेकींना दाराशी उभं करून जायच्या. झाकणाचा एक डबाही ठेवा. बायकांना तो कशाला लागतो, ते कमिटीतल्या पुरुषांनी घरी विचारावं.

पाण्याचाही विषय निघाला आहे तर : तळटाकी आणि ड्रेनेजचं चेंबर यांच्यात आपल्याकडे चार पावलांचंही अंतर नाही. टाकीचं झाकण तुटलेलं आहे, त्यावर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवलाय. चेंबर तुंबून पाणी वर आलं तर कुठं जाईल, ते उघड आहे. इन्फेक्शनचीच काळजी असेल तर कुलपाआधी हे करायला हवं होतं.

२०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. गावभागातून आलेले आपले नातेवाईक, ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे, असे तीसेक लोक आठवडाभर आपल्या पार्किंगमध्ये राहिले. संडास एकच, हाच. कोण कुठला, हे कोणी विचारलं नाही. तेव्हाच्या वॉचमनकाकांनी कांद्याच्या जाळीत साबणाची वडी घालून नळाला बांधली होती आणि पोरांना हात धुतल्याशिवाय जेवायच्या पंगतीला बसू देत नव्हते. त्या आठवड्यात आपल्याकडे एकालाही जुलाब झाले नाहीत. जाळीतली वडी भुरटेगिरीतून वाचते आणि कोरडीही राहते. वडीवरून एकाचे जंतू दुसऱ्याला लागतील अशी भीती असेल तर ती सोडा, चोळून धुतल्यावर ते पाण्याबरोबर वाहून जातात.

येत्या रविवारच्या मीटिंगपर्यंत थांबू नका, अशी विनंती आहे. कुलूप आज काढता येईल, नोटीसही. सफाईवाल्या पोराला घासायचा क्रम मी स्वतः दाखवते, शनिवारी सकाळी दहाला, हातमोजे घेऊन येईन. बंद फ्लॅटांत पाणी ओतायचं कामही माझ्याकडे द्या, तेवढंच जिने चढणं होईल. गणपती पेठेतून डझनभर वड्या, दोन ब्रश आणि नळाचा वायसर कालच आणून ठेवलाय. पिशवी माझ्या दाराच्या मुठीला अडकवली आहे. वॉचमनकाकांना वर पाठवा, पण जेवणाच्या वेळी नको, ते तेव्हा एकटेच गेटवर असतात.

कळावे,
आपली,
बी विंग, तिसरा मजला