स्टेम सेल : प्रयोगशाळेतील आणि जाहिरातीतील

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात स्टेम सेल, म्हणजे इतर पेशी घडवू शकणाऱ्या मूलपेशी, यांच्या संशोधनावर चांगला माहितीपर लेख आला होता. त्याच अंकाच्या आतल्या पानावर स्टेम सेलने लकवा, मधुमेह आणि स्नायूंचे आजार बरे करण्याची हमी देणारी पाव पानाची जाहिरातही होती. दोन्हींत शब्द एकच असल्यामुळे लेखाची विश्वासार्हता वाचक नकळत जाहिरातीला देतो. आमच्या घरात हेच घडले, म्हणून हे पत्र.

माझ्या भाच्याला आठव्या वर्षी डचेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीचे, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या आनुवंशिक आजाराचे, निदान झाले. जमिनीवरून उठताना तो आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात रोवून, जणू स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहायचा. पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या भरलेल्या, त्यामुळे घरच्यांना बरेच दिवस तो आळसच वाटला. पुढे एका मोठ्या शहरातील खासगी रुग्णालयाने स्टेम सेलच्या तीन इंजेक्शनांचा कोर्स सुचवला आणि मेहुण्यांनी केज तालुक्यातील दीड एकर रान विकले. डिस्चार्ज कार्ड माझ्या हाती आले ते पैसे भरून झाल्यावर. कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढली, तिच्यातील पेशी वेगळ्या केल्या आणि त्याच दिवशी पाठीच्या मणक्यात टोचल्या, एवढेच त्यावर होते. ज्या मुलाचा डिस्ट्रॉफिनचा, म्हणजे स्नायू शाबूत ठेवणाऱ्या प्रथिनाचा, जनुकच जन्मतः सदोष आहे, त्याच्याच पेशी त्यालाच परत देऊन तो दोष कसा जाणार, हा प्रश्न तीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या माणसाला आधी सुचायला हवा होता. बाराव्या वर्षी भाच्याचे चालणे थांबले.

आता आपल्या लेखातील संशोधनाविषयी. शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी होऊ शकणाऱ्या पेशींना प्लुरिपोटंट मूलपेशी म्हणतात. मानवी भ्रूणापासून अशा पेशी 1998 मध्ये अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी वेगळ्या करून वाढवल्या. भ्रूण वापरण्यावरचा नैतिक वाद अर्थातच मोठा होता. जपानच्या शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या त्वचेतील पेशींत चार जनुके घालून त्यांना त्या मूळ अवस्थेत परत नेले. विरजलेल्या दह्याचे पुन्हा दूध करून दाखवावे, तसाच हा प्रकार, आणि त्यासाठी त्यांना 2012 चे नोबेल जॉन गर्डन यांच्यासह मिळाले. भाच्याच्या अस्थिमज्जेतून काढलेल्या पेशींचा या शोधाशी काडीचाही संबंध नव्हता.

गंमत अशी (तिला गंमत म्हणवत नाही), की जो जनुकीय दोष इंजेक्शनला निरुपयोगी ठरवतो, तोच संशोधकांच्या उपयोगी पडतो. जिवंत मुलाच्या हृदयाचा किंवा मेंदूचा तुकडा अभ्यासासाठी कोण काढून देईल? पण त्याच्या थोड्याशा त्वचेपासून किंवा रक्तापासून प्लुरिपोटंट पेशी करता येतात, त्यांपासून हृदयाच्या स्नायूपेशी घडवता येतात आणि त्या काचेच्या थाळीत खरोखर धडधडतात. आजाराचा दोष त्यांच्यात जसाच्या तसा उतरलेला असतो. शेजारच्या थाळीत तोच जनुक दुरुस्त केलेल्या पेशी ठेवल्या की बिघाड नेमका कुठे सुरू होतो ते पाहता येते, औषधेही आधी थाळीत आजमावता येतात. माझ्या मते आजघडीला या पेशींचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे. पण त्याची जाहिरात होत नाही, कारण त्यात रुग्णाला विकण्यासारखे काही नसते.

उपचारही होऊ लागले आहेत, पण जपून. जपानमधील कोबे येथे 2014 मध्ये एका वृद्धेच्या डोळ्यात तिच्याच त्वचेपासून तयार केलेला दृष्टिपटलाच्या पेशींचा पातळ पापुद्रा बसवला गेला. वर्षभराने तिची नजर सुधारली नव्हती, खालावलीही नव्हती. दुसऱ्या रुग्णासाठी तयार केलेल्या पेशींत जनुकीय बदल दिसताच ती शस्त्रक्रिया थांबवण्यात आली. टाइप 1 मधुमेहात प्लुरिपोटंट पेशींपासून तयार केलेल्या इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशी पूर्ण मात्रेत मिळालेल्या 12 रुग्णांपैकी 10 जणांना वर्षाअखेरीस इन्सुलिन लागत नव्हते, असे 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. शिवाय रूपांतर न झालेल्या थोड्या पेशी जरी शरीरात गेल्या, तरी तिथे केस, दात, कूर्चा असलेली गाठ वाढू शकते. हे काम लॉजच्या हॉलमधील शिबिरात उरकण्याचे नव्हे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचे मूलपेशी प्रत्यारोपण (बोन मॅरो ट्रान्सप्लांट) सोडले, तर इतर सर्व वापर प्रायोगिक आहे आणि मान्यताप्राप्त चाचणीबाहेर (क्लिनिकल ट्रायलबाहेर) तो करणे अनैतिक आहे. त्यामुळे ल्युकेमिया किंवा थॅलेसेमियासाठी बोन मॅरो ट्रान्सप्लांट सुचवले असेल, तर माझे पत्र वाचून कोणी कचरू नये. इतर आजारांसाठी मात्र चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा, तो क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. आणि प्रयोगासाठी रुग्णाकडूनच पैसे मागितले जात असतील, तर तिथूनच माघारी फिरावे.

डचेनच्या मुलांना स्टेरॉइड, फिजिओथेरपी आणि हृदय व फुप्फुसांची वेळेवर तपासणी यांचा आधार मिळतो, आणि आईची जनुकीय तपासणी केली तर पुढच्या बाळंतपणाआधी सल्ला घेता येतो. हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत सरकारी रुग्णालयात महिन्यातून एक दिवस तरी असा सल्ला मिळावा, अशी माझी आरोग्य खात्याकडे मागणी आहे.

आपल्याकडे मागणी जाहिरातीपुरतीच आहे. मधुमेह, पक्षाघात, अंधत्व बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. स्टेम सेलची जाहिरात स्वीकारताना आपल्या जाहिरात विभागाने निदान चाचणीचा नोंदणी क्रमांक तरी मागावा. आमच्या उपचाराची फाइल मी जपून ठेवली आहे. नावे झाकून तिची झेरॉक्स आपल्या कार्यालयात आणून देण्याची माझी तयारी आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, अंबाजोगाई