सोमवारी घारापुरीची सहल विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, सहल विभाग

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी चौथ्यांदा बोलले आणि फोन ठेवल्या ठेवल्या हे लिहायला बसले.

घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. पुण्याहून एक दिवसाचं मुंबई दर्शन नेणाऱ्यांना हे ठाऊक असणारच. तरीही तुम्ही आम्हाला गेल्या सोमवारची तिकिटं विकलीत, माणशी १,८५० रुपयांना. तिघांचे ५,५५०. कार्यक्रमात पहिलं नाव घारापुरीचं आणि वर त्रिमूर्तीचा फोटो.

माझी आई ७४ वर्षांची आहे. नोकरीभर शाळेत इतिहास शिकवला, फळ्यावर खडूने ती तीन मुखं काढून दाखवली, पण प्रत्यक्ष कधी पाहिली नाहीत. लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या आहेत म्हणून ती महिनाभर एक दिवसाआड पर्वती चढत होती. गुडघ्याला पट्टा बांधून, मध्ये दोनदा टेकत, १०३ पायऱ्या. पहाटे साडेपाचला कोथरूडहून बसमध्ये बसली. गेटवेला उतरलो तर घारापुरीच्या लाँचची तिकीट खिडकी बंद! धक्क्यावरचा चणेवाला म्हणाला, "आजी, आज सोमवार ना." त्याला माहीत होतं, तुमच्या गाईडला नव्हतं. गाईडने अर्ध्या तासाची बंदरातली फेरी मारून आणली आणि सहल पूर्ण झाल्याच्या कागदावर आईची सही मागितली. आम्ही दिली नाही.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो आता भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. ती बाग बुधवारी बंद असते, सोमवारी नाही. निदान तिथे तरी न्यायचं होतं.

आणि आजचं बोलणं. तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, लेणी म्हणजे शेवटी दगडच ना? तुमच्या पुण्यात पाताळेश्वर आहे की, तिथे न्या आईंना." मी म्हटलं, पाताळेश्वर आमचं घरचं आहे, त्याच्या गोल नंदीमंडपात मी लहानपणी खेळले आहे. पण घारापुरीचा सदाशिव, म्हणजे तीच त्रिमूर्ती, वीसेक फुटी आहे. मधलं मुख शांत, एका बाजूला उग्र अघोर, दुसरीकडे कमळ घेतलेला वामदेव. तो पाताळेश्वरात कुठून दाखवू? यावर तो हसला. मला स्पष्ट ऐकू आलं. तुम्ही घारापुरी पाहिली आहे का, असं विचारलं तर म्हणाला, "तो प्रश्न इथे येत नाही." मग ३०० रुपयांचं कूपन देऊ केलं, पुढच्या सहलीसाठी. आई शेजारीच बसली होती, फोन स्पीकरवर होता. ती उठून आत गेली.

आमचं अष्टविनायक तुमच्याबरोबरच झालं होतं. ओझरला एक आजोबा मागे राहिले तर तुमच्या माणसाने बस थांबवून त्यांना हाताला धरून आणलं होतं. त्या भरवशावर आईला तुमच्या हवाली केलं.

कूपन नको. ५,५५० रुपये १५ दिवसांत खात्यावर जमा करा आणि आईची लेखी माफी मागा. नाहीतर पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तिकिटं आणि सही न केलेला तो कागद माझ्याकडे आहे. सोमवारच्या सहलीतून घारापुरीचं नाव आजच काढा. येत्या सोमवारचं बुकिंग तुम्ही अजूनही घेताय, मी आत्ताच पाहिलं.

एक ग्राहक,
कोथरूड, पुणे