थम लागला नाही, त्याची पावती कोण देणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीत 'तुमचं शरीर हाच तुमचा पासवर्ड' असं मोठ्ठं पान आलंय ते वाचलं. छान होतं. बोट, डोळा, चेहरा, आवाज, सगळं आलं. फोटो तर फारच छान, गुळगुळीत अंगठा, नखाला पॉलिश, मागे निळा उजेड. असा अंगठा आमच्या भागात कुणाचा असेल तर कळवा, मी दुकान बंद करून बघायला जातो. आणि हे सगळं परदेशातून आलं, आपल्याकडे आता कुठे रुळतंय, असं लेखात म्हटलंय. अहो, बोटांचे ठसे ठेवायचं सरकारी ऑफिस कलकत्त्यात 1897 मध्येच उघडलं होतं आणि देशातला पहिला आधार नंबर तर आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला दिला, 29 सप्टेंबर 2010 ला, खुद्द पंतप्रधान आले होते. खान्देशातल्या पेपरात एवढी एक ओळ नको? असो.

मला बोलायचंय ते त्या चौकटीतल्या वाक्यावर. 'अंगठा खोटं बोलत नाही.' अगदी कबूल. पण रेशन दुकानात अंगठ्याला कोण विचारतंय, तिथे बोलतं ते मशीन.

माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, फिंगरप्रिंटचे सेन्सर बदलणं नेहमीचंच, त्यामुळे यातलं थोडंफार कळतं. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी जोरात असली की गिऱ्हाईक येतात, भाऊ फोन बोट घेत नाही, सेन्सर गेला वाटतं. सेन्सर चांगला असतो. बोंडाची वाळलेली टोकं टोचून टोचून बोटांची चाळण झालेली असते, त्यात थंडीच्या भेगा, आणि रावेर-यावलकडचा केळी कापणारा मजूर असला तर चिकाने बोटं काळीकुट्ट. मशीन काय करतं, तर बोटावरची रेघ कुठे संपते, कुठे फुटते, तेवढ्या खुणा काढतं, आधीच्या खुणांशी लावून बघतं आणि मार्क देतं. पास व्हायला किती मार्क लागतील ते कुणीतरी ऑफिसात बसून ठरवलेलं असतं. कमी ठेवले तर भलत्याचं बोट पास होईल, जास्त ठेवले तर खरा माणूस नापास होईल. हे त्या पानावर कुठे आलं नाही. आणि फोन बनवणाऱ्यांना निदान एवढं तरी कळतं की बोट नाही जुळलं तर पिन विचारायचा, मालकाला घराबाहेर नाही काढायचं.

आता माझ्या फुईचं सांगतो. फुई म्हणजे आत्या, शहरातल्या वाचकांसाठी. सत्तरीच्या पुढची आहे, नवरा गेला, मुलगा सुरतला कामाला, गावात एकटी राहते, प्राधान्यवालं रेशनकार्ड आहे, महिन्याला 5 किलो धान्य. सगळं आयुष्य दुसऱ्याच्या वावरात निंदणी-वेचणी करण्यात गेलं, बोटांवर रेघा राहतील कशा? मागच्या महिन्यात मी तिच्यासोबत रेशन दुकानात गेलो. तिथे थम लागला, म्हणजे मशीनवर बोट आधारशी जुळलं, की धान्य. एक बोट लावलं, नाही घेतलं. दुसरं लावलं, नाही. दुकानदार म्हणे पदराला पुसा, पुसलं. मग व्हॅसलीन, ती डबी तो काउंटरवरच ठेवतो, म्हणजे किती लोकांचं होत असेल बघा. मग म्हणे दाबून धरा, मग म्हणे एवढं दाबू नका. मागे लाईन वाढली, कुणीतरी म्हणालं आजीला बाजूला बसवा. तेव्हा फुई माझ्याकडे बघून म्हणते, "अरे भाऊ, मी मीच शे ना?" लोक हसले. ती काही गंमत करत नव्हती.

तो दुकानदार तिच्याच गल्लीतला. तिच्या हातची कळण्याची भाकरी खाऊन मोठा झालेला. पण त्याने ओळखून उपयोग नाही, मशीनने ओळखलं पाहिजे. ओटीपी म्हणाल तर आधारला मुलाचा जुना नंबर, ते सिम कधीच बंद पडलं. नवा नंबर जोडायचा तर आधार केंद्रावर जा आणि तिथे परत बोटं ठेवा. डोळ्याने होतं म्हणे, पण तिचा डोळा मशीनसमोर उघडा राहत नाही, पाणी येतं. चेहऱ्याचं ॲप आहे म्हणे, ते दुकानदाराने उघडून बघितलं, गोल गोल फिरत राहिलं, मग सर्व्हर डाऊन. घ्या.

आणि खरा संताप याचा की धान्य मिळालं तर पावती निघते, गहू किती, तांदूळ किती, सगळं छापून. थम नाही लागला तर काहीच निघत नाही. फुई रिकामी पिशवी घेऊन घरी गेली, हातात साधा चिटोरा नाही. सर्व्हरमध्ये कुठे नोंद होत असेल तर होऊ दे, ती फुईच्या काय कामाची? उद्या एखादे साहेब कॉम्प्युटरवर बघतील, या बाईने धान्य उचललं नाही, म्हणजे हिला गरज नाही, काढा नाव. मी तालुक्याला जाऊन तक्रार केली तर तिथला माणूस म्हणतो, धान्य नाकारल्याचा काही पुरावा आहे का. आता पुरावा काय मशीनकडे मागायचा?

मशीनच नको असं मी म्हणत नाही. मेलेल्या माणसांच्या नावावर साखर-रॉकेल कसं उचललं जायचं ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. पण चोर काय मशीनला घाबरून घरी बसतो का? तेलंगणात 2018 मध्ये एका सिमकार्ड विकणाऱ्याने जमिनीच्या खरेदीखतांवरचे ठसे उचलले, रबरी शिक्के करायच्या मशीनवर खोटे अंगठे बनवले आणि हजारो सिम चालू करून टाकले. पुढे 2023 मध्ये आधारवाल्यांनी बोट जिवंत आहे की बनावट ते ओळखायची तपासणी आणली, चांगलंच केलं. पण एकदा चोरीला गेलेला पासवर्ड बदलता येतो, अंगठा कुठून बदलायचा, हे काल तुमच्या पानाने सांगायला हवं होतं. रबराचा अंगठा चालून जातो आणि हाडामांसाची फुई अडते, ही कसली सिक्युरिटी.

बरं, नियम नाहीत असंही नाही. आधारचा खटला सुप्रीम कोर्टात चालला तेव्हा सरकारकडूनच सांगितलं गेलं की थम जुळला नाही म्हणून कुणा हक्कदाराला वंचित ठेवणार नाही, दुसऱ्या पद्धतीने ओळख पटवू, 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात ते आहे. कोरोनात संसर्ग नको म्हणून आपल्या राज्यात दुकानदाराच्याच अंगठ्यावर धान्य वाटलं होतं. तेव्हा चाललं, आता का चालत नाही? पूर्वी बँकेत म्हातारी माणसं शाईचा अंगठा उठवायची, दोन साक्षीदार सह्या करायचे, पैसे मिळायचे.

माझी मागणी साधी आहे. मशीनने नाही म्हटलं की त्याचीही पावती निघाली पाहिजे, तारीख, दुकान नंबर, नाकारण्याचं कारण, सगळं मराठीत. आणि त्या पावतीवर दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन वहीत नोंद करून त्याच दिवशी धान्य द्यायचं. धान्य दिल्याची पावती छापणाऱ्या मशीनला ही छापायला काय अवघड आहे? त्या पानाच्या लेखकांना वेळ असेल तर वेचणीच्या दिवसांत या, फुईशी गाठ घालून देतो. येताना तो गुळगुळीत अंगठाही आणा.

पत्र छापाल तर पूर्ण छापा ही विनंती. मागे बसस्टँडच्या पाण्यावर लिहिलं होतं, त्यातलं कौतुक तेवढं छापलं आणि तक्रार कापली. वाचणाऱ्यांना वाटलं मी डेपोचा माणूस आहे.

आपला,
एक वाचक, ता. अमळनेर

ता. क. आमच्याकडे पेपर हल्ली दहा वाजता येतो. एजंट म्हणतो गाडीच उशिरा निघते. दुकान उघडल्यावर पेपर वाचायला कुणाला फुरसत आहे, तेवढं बघा.