मदरबोर्ड बदलण्याआधी फर्मवेअर पाहा

महोदय,

लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होईना, झाकण उघडले तरी जागा होईना, पंखा उगाच भणभणत राहिला, की पणजी-म्हापशाच्या दुरुस्तीच्या दुकानांत अनेकदा एकच सल्ला मिळतो: मदरबोर्ड बदला. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली वापरणाऱ्यांना वर ‘आधी विंडोज टाका’ असेही ऐकावे लागते. ही लक्षणे पुष्कळदा फर्मवेअरमधल्या, म्हणजे चिपांना चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधल्या, चुकीची असतात आणि हे फर्मवेअर लिनक्समधूनच बदलता येते. २०१७ ते २०१९ मधल्या लेनोव्होच्या काही थिंकपॅड लॅपटॉपवर थंडरबोल्ट या टाइप-सी पोर्टमागच्या चिपच्या सदोष फर्मवेअरमुळे टाइप-सी पोर्ट बंद पडत असे. वेळेत अपडेट केले तर ते वाचे. उशीर झाला तर मात्र खरोखरच बोर्ड बदलावा लागे.

फर्मवेअर अपडेट करणारा प्रोग्रॅम उबुंटू-फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांत बहुधा आधीच असतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, इंग्रजी एफ, डब्ल्यू, यू, पी, डी, एम, जी, आर ही आठ छोटी अक्षरे सलग टाइप करा, जागा सोडून ‘रिफ्रेश’ लिहा. मग त्याच आठ अक्षरांपुढे ‘गेट-अपडेट्स’ आणि शेवटी ‘अपडेट’. डेल, लेनोव्हो, एचपी आपल्या अनेक मॉडेलांच्या फर्मवेअरच्या फाईली एका सामायिक सर्व्हरवर ठेवतात. त्या डिजिटल सही तपासूनच बसवल्या जातात.

अडते कुठे? बायोसची, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या फर्मवेअरची, फाईल लगेच चिपवर जात नाही. ती आधी ईएफआय विभाजनात, म्हणजे डिस्कवरच्या बूटसाठी राखलेल्या छोट्या भागात, ठेवली जाते आणि रिस्टार्टनंतर बायोस स्वतः लिहून घेतो. विंडोजने केलेले हे विभाजन बरेचदा १०० एमबीचेच असते. ते भरलेले असले की अपडेट तिथेच थांबते. लिगसी, म्हणजे जुन्या, पद्धतीने बूट होणाऱ्या लॅपटॉपवर हा मार्ग चालत नाही. सोबत बिटलॉकर हे डिस्कचे कुलूप लावलेले विंडोज असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या, कारण अपडेटनंतर ती मागितली जाऊ शकते.

आणि वीज! आपल्याकडे पाऊस धरला की ती कधी जाईल याचा नेम नाही. चार्जर लावलेला हवाच, पण बॅटरीही निम्म्याहून अधिक भरलेली हवी. बॅटरी मेलेली असेल तर इन्व्हर्टरशिवाय या कामाला हात लावू नका. अपडेट चालू असताना स्क्रीन काळी पडते, पंखा जोरात फिरतो, मशीन एक-दोनदा आपोआप रिस्टार्ट होते. त्या वेळी घाबरून पॉवर बटण दाबले तर चिप अर्धवट लिहिलेली राहते आणि लॅपटॉप सुरूच होत नाही.

वायफायचे दुखणे वेगळे. त्याचे फर्मवेअर डिस्कवर असते आणि दर वेळी सुरू होताना चिपमध्ये भरले जाते. डेबियन या लिनक्सच्या जुन्या आवृत्तीवरून आवृत्ती १२ वर आलेल्यांनी पॅकेजांच्या यादीत ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा नवा विभाग जोडला नसेल, तर त्याचे अपडेट येतच नाहीत.

टॉर्च मारून पोर्टमध्येही डोकवा. खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट थर चढला असेल तर तिथे फर्मवेअरचा इलाज चालत नाही.

दुरुस्तीवाल्यांना एकच विनंती: मदरबोर्डचा खर्च सांगण्याआधी बायोसची आवृत्ती आणि तारीख पावतीवर लिहून द्या.

– एक लिनक्स वापरकर्ता, फोंडा