प्रदूषण मंडळाने प्लांटच्या आतही यावे

मा. संपादक महोदय,
सादर नमस्कार.

बडोद्याजवळच्या नंदेसरीतल्या कारखान्यांना प्रदूषण नियंत्रण मंडळाने नोटिसा बजावल्याच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. माझी नोकरी तिथल्याच एका लहान डाय इंटरमीडिएट्सच्या, म्हणजे रंग बनवायला लागणाऱ्या रसायनांच्या कारखान्यात, उत्पादन विभागात गेली. मंडळाचे साहेब यायचे, ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या) आउटलेटवर बाटली भरायचे, सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचे एक माप, जास्त निघाला की नोटीस यायची. पाणी मुळात इतके खराब का होते, हे विचारायला प्लांटच्या आत मात्र कोणी पाऊल टाकले नाही.

नोटिसा नकोत असे मी म्हणत नाही. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात बडोद्याचा प्रदूषण निर्देशांक ८९.०९ होता, आणि ७० च्या वर गेलेला औद्योगिक पट्टा अतिप्रदूषित धरतात. पावसाचा फायदा घेऊन रात्री टाकी रिकामी करणाऱ्याच्या फाटकाला कुलूपच लागले पाहिजे. पण १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचे कलम १७ काढून पाहा. राज्य मंडळाचे त्यातले पहिले काम प्रदूषण रोखण्याचा सर्वंकष कार्यक्रम आखून तो अमलात आणण्याचे आहे. माहिती पोचवणे, संशोधनाला उत्तेजन देणे, प्रशिक्षण हेही त्यातच येते. सांडपाण्याची तपासणी त्यानंतर.

आमच्या धंद्यातले, रंगांसाठी लागणारे एच-अ‍ॅसिड घ्या. ते बनवताना नायट्रो संयुगाचे रिडक्शन (त्यातला ऑक्सिजन काढून हायड्रोजन जोडणे) लोखंडाच्या भुकटीने करतात आणि बॅचगणिक काळा चिखल उरतो, तो आयर्न स्लज. हेच काम हायड्रोजन आणि कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) वापरून केले तर हा चिखल होतच नाही. पण त्यासाठी दाबाखाली चालणारा रिअ‍ॅक्टर हवा, हायड्रोजन सांभाळणारी प्रशिक्षित माणसे हवीत. लहान मालकाला ते झेपत नाही.

झेपण्यासारखेही बरेच आहे. फिल्टर प्रेसमध्ये गाळून उरलेला मालाचा ओला थर, म्हणजे केक, धुताना पहिले पाणी गडद निघते, शेवटचे जवळजवळ नितळ. ते शेवटचे पाणी साठवून पुढच्या बॅचच्या पहिल्या धुण्याला वापरले, की ताजे पाणी वाचते आणि ईटीपीकडे जाणारेही घटते. त्याला एक टाकी आणि एक पंप लागतो, बस. आमच्याकडे हे एका शिफ्ट सुपरवायझरने सुचवले. मंडळाकडून असा सल्ला का येऊ नये? शेवटच्या टोकाला ईटीपीने सगळे भागत नाही; पाण्यात विरघळलेले क्षार नेहमीच्या जैविक प्रक्रियेने निघत नाहीत. ते १९८३ साली सुरू झालेल्या सांडपाण्याच्या चॅनलमधून पादरा, जंबुसर तालुके ओलांडून सुमारे ५५ किलोमीटरवर महीच्या मुखापर्यंत तसेच जातात.

दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत कारखाने मंडळाला फॉर्म ५, म्हणजे पर्यावरण विवरणपत्र देतात. त्यात मालाच्या प्रत्येक एककामागे किती पाणी आणि किती कच्चा माल लागला ते भरायचे असते. आम्ही नेमाने भरायचो, पण त्यावर कधी एक ओळीचेही उत्तर आले नाही. एकच माल करणाऱ्या कारखान्यांचे हे आकडे नावे न देता शेजारी शेजारी मांडून मंडळाने परत पाठवावेत. शेजारचा आपल्यापेक्षा निम्म्या पाण्यात तोच माल काढतो, हे कळल्यावर कोणता मालक स्वस्थ बसेल?

सल्ला द्यायला वेगळी संस्थाही आहे. गुजरात क्लीनर प्रॉडक्शन सेंटर राज्याच्या उद्योग खात्याने १९९८ मध्ये उभे केले. पण ते एका खात्याखाली आणि मंडळ दुसऱ्या, त्यामुळे नोटीस एकीकडून येते आणि इलाज दुसरीकडे पडून राहतो. नोटिशीबरोबरच सेंटरच्या इंजिनिअरची भेट ठरवावी. पर्यावरण नुकसानभरपाई म्हणून वसूल होणाऱ्या रकमेतून नंदेसरीच्या लहान कारखान्यांसाठी सामाईक हायड्रोजनेशन (वर सांगितलेल्या हायड्रोजनच्या पद्धतीच्या) प्लांटचा विचार व्हावा.

आपल्या बातमीदाराने मंडळाच्या इथल्या प्रादेशिक कार्यालयात जाऊन एवढे तरी विचारावे, की गेल्या सप्टेंबरात आलेले फॉर्म ५ कोणी वाचले आणि त्यावरून किती कारखान्यांना काय कळवले. उत्तर मिळेल ते कृपया छापावे.

आपला,
एक निवृत्त केमिस्ट
दांडिया बाजार, बडोदे